प्रबंधाचं संपादन करून घेताना: कधी द्यावं, कुणाला द्यावं, परत आल्यावर काय तपासावं

प्रबंध लिहून होत आला की संपादक आठवतो, आणि तोही बहुधा सादर करायच्या तारखेला पंधरा दिवस उरलेले असताना. तेव्हा जो मोकळा असेल तो गाठावा लागतो. चांगल्या संपादकाचं वेळापत्रक त्या वेळी भरलेलं असतं. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी दिवसांचा हिशेब मांडा.

संपादनाच्या व्यवसायात एक पान म्हणजे २५० शब्द. तुमच्या फाईलमध्ये फॉन्ट केवढा आहे आणि ओळींत अंतर किती सोडलंय, याला इथे अर्थ नाही. ७५,००० शब्दांचा प्रबंध म्हणजे ३०० पानं. वाक्यावाक्याने भाषा तपासणारा अनुभवी संपादक तासाला साधारण १,००० ते १,५०० शब्द करतो. मजकूर गुंतागुंतीचा किंवा तळटीपांनी भरलेला असेल तर त्याहून कमी. १,२५० चा वेग धरला तर ६० तास झाले. एकाग्रतेने दिवसाला पाचेक तासांहून जास्त संपादन होत नाही, म्हणजे कामाचे १२ दिवस. ही फक्त पहिली फेरी. पुढे बदल तपासायला तुम्हाला निदान आठवडा हवा, तुमच्या उत्तरांनंतर संपादकाला दुसऱ्या फेरीसाठी दोन-तीन दिवस, मग पानांची मांडणी आणि शेवटचं मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफ वाचणं. पाच ते सहा आठवडे सहज जातात. नाव नोंदवायचं ते याच्याही महिना-दोन महिने आधी, तेव्हा शेवटची दोन प्रकरणं लिहून झालेली नसली तरी चालतात.

‘३०० पानं दोन दिवसांत करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर वरचाच हिशेब उलटा करून बघा. रोज बारा तास बसूनही तासाला ३,००० च्या वर शब्द होतात. एवढ्या वेगाने धड वाचून दुरुस्त करणं होत नाही. एक तर मजकूर यंत्राला घातला जाणार किंवा चार जणांत वाटला जाणार, आणि मग पहिल्या प्रकरणातली ‘माहिती देणारी व्यक्ती’ तिसऱ्या प्रकरणात ‘उत्तरदाता’ होणार.

परवानगी आणि मर्यादा

विद्यापीठांचे नियम सारखे नसतात. काही ठिकाणी बाहेरच्या माणसाने फक्त चुका दाखवायच्या असतात, दुरुस्त करायच्या नसतात. काही ठिकाणी भाषिक संपादन चालतं, पण प्रबंधात तसा उल्लेख करावा लागतो. ऑस्ट्रेलियात संपादकांच्या व्यावसायिक संस्थेने शोधप्रबंधांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. त्यांनुसार संपादकाने भाषिक संपादन आणि मुद्रितशोधन यांपलीकडे जायचं नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम शोधा, मार्गदर्शकांना ईमेल करा आणि त्यांचं होकाराचं उत्तर जपून ठेवा. तोंडी ‘हो, घ्या करून’ पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

नियमात स्पष्ट काही नसेल तर मर्यादा ठरवायची एक सोपी कसोटी आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे असं का म्हणता?’ विचारलं, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. संपादकाने वाक्य सुटसुटीत केलं, क्रियापद जागेवर आणलं, एकाच संकल्पनेला तीन शब्द वापरलेले दाखवून दिले, तर अडचण नाही. त्याने नवा युक्तिवाद घातला, संदर्भ शोधून जोडले, तक्त्याचं विवेचन लिहून दिलं किंवा निष्कर्षाचं प्रकरण ‘नीट करून’ दिलं, तर ते लेखन झालं. दुसऱ्याने केलेलं लेखन आपल्या नावावर देणं सगळीकडेच गैर धरलं जातं, पैसे मोजले असले तरी.

नेमकं काय करून हवंय?

‘प्रूफ बघून द्या’ हे वाक्य सगळ्यात जास्त गैरसमज करतं. मागणाऱ्याच्या मनात असतं की सगळं सुधारून मिळेल. ऐकणारा समजतो की फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं बघायची आहेत. कामं तीन आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. रचनात्मक संपादनात प्रकरणांची मांडणी, युक्तिवादाचा ओघ, पुनरुक्ती बघतात. भाषिक संपादनात वाक्य, परिभाषा, सुसंगती, संदर्भांची पद्धत. मुद्रितशोधनात, सगळं पक्कं झाल्यावर आणि पानं लागल्यावर, राहिलेल्या बारीक चुका.

प्रबंधाच्या बाबतीत यातलं पहिलं काम मुळात मार्गदर्शकांचं. त्यांनी ‘तिसरं आणि चौथं प्रकरण एकत्र करा’ असं म्हणायची शक्यता शिल्लक असेल, तोवर संपादकाकडे जाऊ नका. संपादित प्रकरणं कापून पुन्हा जोडली की जोडकामाच्या जागी नव्या चुका होतात, आणि त्या कुणीच बघत नाही. मार्गदर्शकांनी आशय मान्य केला, की मग भाषिक संपादन; पीडीएफ तयार झाली, की मुद्रितशोधन. पैसे एकाच कामापुरते असतील तर भाषिक संपादन घ्या. शेवटचं मुद्रितशोधन चांगली भाषा असलेल्या मित्राकडून करून घेता येतं, विद्यापीठाच्या नियमात बसत असेल तर.

माणूस शोधणं

व्यावसायिक संस्थांच्या सभासद-याद्या हा भरवशाचा मार्ग आहे. इंग्रजी प्रबंधासाठी ब्रिटनमधली चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग, अमेरिकेतली एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन, एडिटर्स कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची इन्स्टिट्यूट ऑफ प्रोफेशनल एडिटर्स यांच्या याद्या ऑनलाईन आहेत आणि त्यांत विषयानुसार शोधता येतं. मराठी प्रबंधासाठी अशी सोय नसल्यातच जमा. तिथे प्रकाशनसंस्थांचं आणि नियतकालिकांचं काम करणारे मुद्रितशोधक, नुकताच प्रबंध सादर केलेले विद्यार्थी आणि विभागातले प्राध्यापक यांच्याकडे विचारणा करावी. फक्त एक लक्षात ठेवा: कथा-कादंबऱ्यांवर हात बसलेला संपादक ‘असे दिसते’, ‘बहुधा’, ‘या नमुन्यापुरते’ हे शब्द फापटपसारा समजून काढून टाकतो. प्रबंधात त्याच शब्दांवर दाव्याचा तोल असतो.

संपादक तुमच्या विषयाचा तज्ज्ञच हवा असं नाही. विषय अर्धवट माहीत असलेल्यापेक्षा विषय माहीत नसलेला पण विचारणारा संपादक परवडतो. अर्धवट माहितीवाला ‘मध्यक’ची (मीडियनची) ‘सरासरी’ करतो, कारण तो शब्द वाचकांना जास्त ओळखीचा. झालं, तुमचा आकडा चुकला. ‘सार्थक फरक’ खटकला म्हणून ‘मोठा फरक’ केला, की संख्याशास्त्रातला अर्थच गेला. फरक लहान असूनही सार्थक असू शकतो. न कळणारा पण प्रामाणिक संपादक अशा जागी समासात लिहितो, ‘ही संज्ञा आहे का? तशीच ठेवू?’ तुम्हाला असा माणूस हवा.

तो ओळखायचा कसा, तर नमुना करून घेऊन. ८०० ते १,००० शब्द द्या. प्रस्तावनेतले नकोत, ते तुम्ही दहा वेळा घासलेले असतात. मधल्या, तुम्हाला स्वतःलाच न आवडणाऱ्या प्रकरणातला उतारा द्या, ज्यात एखादं अवतरण, चार-पाच संदर्भ आणि एखादा आकडा असेल. हाच उतारा दोघा-तिघांना द्या. काही जण नमुन्याचे थोडे पैसे घेतात. वाजवी आहे, खळखळ करू नका.

आता नमुना कसा वाचायचा ते एका वाक्यावर बघू. मूळ वाक्य असं आहे:

‘सदर संशोधनाच्या माध्यमातून असे निदर्शनास येते की, ग्रंथालयाच्या नियमित वापरामुळे विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या वाचनामध्ये त्यांच्या वेगामध्ये वाढ झाल्याचे दिसून येते.’

पहिल्या संपादकाने ‘निदर्शनास येते की’नंतरचा स्वल्पविराम काढला आणि पुढे गेला. दुसऱ्याने केलं: ‘ग्रंथालयाच्या नियमित वापरामुळे विद्यार्थ्यांचा वाचनवेग वाढतो.’ वाक्य झकास झालं, पण शिक्षक गायब झाले आणि ‘दिसून येते’ जाऊन निर्विवाद विधान उरलं. तिसऱ्याने केलं: ‘ग्रंथालयाच्या नियमित वापरामुळे विद्यार्थ्यांचा व शिक्षकांचा वाचनवेग वाढल्याचे दिसते.’ आणि बाजूला शंका लिहिली: ‘“त्यांच्या वेगामध्ये” हे दोघांसाठी धरले आहे, बरोबर? शिवाय “मुळे” म्हटले की कार्यकारण येते. तक्त्यात फक्त सहसंबंध दिसतो. “मुळे” ठेवायचे का?’ काम तिसऱ्याला द्या. त्याने निम्मे शब्द कमी केले, अर्थ हलू दिला नाही, आणि जो निर्णय तुमचा होता तो तुमच्याकडेच ठेवला.

नमुन्यात आणखी एक गोष्ट तपासा: अवतरणचिन्हांमधल्या मजकुराला हात लावलाय का? मूळ लेखकाची चूक असली तरी अवतरण जसंच्या तसं ठेवायचं असतं. ज्याने तिथे दुरुस्ती केली त्याला प्रबंधाच्या कामाची सवय नाही.

गुणांची किंवा प्रबंध मंजूर होण्याची हमी देणारा, साम्याची, म्हणजे इतरांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराची, टक्केवारी कमी करून देतो म्हणणारा आणि ‘एखादं प्रकरण लिहायचं राहिलंय का?’ असं स्वतःहून विचारणारा, या तिघांच्या बाबतीत नमुन्यापर्यंतही जाऊ नका. टक्केवारी कमी करायची त्यांची रीत म्हणजे शब्दांना पर्यायी शब्द बसवणं. त्यात वाङ्मयचौर्य असेल तर तसंच राहतं, वर भाषा विचित्र होते.

साम्यतपासणीवरून आणखी एक धोका सांगायला हवा. टर्निटिनसारख्या प्रणालीत टाकलेली फाईल, तसा पर्याय बदलला नसेल तर, तिच्या संग्रहात जमा होऊ शकते. संपादकाने किंवा तुमच्याच मित्राने ‘सहज बघू’ म्हणून मसुदा तिथे चढवला, तर विद्यापीठाच्या तपासणीत तुमचा प्रबंध स्वतःशीच शंभराच्या आसपास टक्के जुळतो. मग खुलासे लिहीत बसावं लागतं. तपासणी विद्यापीठाच्या अधिकृत मार्गानेच करा.

काय ठरवायचं, तेही लेखी

मोठा करारनामा लागत नाही. दोन्ही बाजूंनी ‘मान्य’ म्हटलेला एक ईमेल पुरतो. त्यात एकूण शब्दसंख्या लिहा. वर्डमध्ये शब्द मोजताना तळटीपा आणि मजकूर-चौकटी धरण्यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती न केल्यामुळे काही हजार शब्द कमी भरतात आणि पुढे वाद होतो. संदर्भसूची, तक्ते, आकृत्यांच्या ओळी, परिशिष्टं, प्रश्नावली यांतलं काय तपासायचं ते एकेक लिहा. ‘संदर्भसूची बघणं’ याचेही दोन अर्थ होतात: प्रत्येक नोंदीची मांडणी ठरलेल्या पद्धतीत आहे का हे बघणं, आणि मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत व सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे का हे जुळवणं. दुसऱ्या कामाला बराच वेळ लागतो, आणि परीक्षकांना सापडतं तेही तेच. संदर्भपद्धतीची आवृत्तीही सांगा. एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भपद्धतीची सातवी आवृत्ती २०१९ ची आहे. सहावीप्रमाणे लिहिलेल्या सूचीत प्रकाशनाचं शहर असतं, सातवीत ते नाही. नुसतं ‘एपीए’ म्हटल्यास दोघेही आपापल्या सवयीने करतात.

फेऱ्या किती, त्यांच्या तारखा कोणत्या, मजकूर वाढला तर वाढीव दर काय, पैसे किती टप्प्यांत, हे लिहा. काही रक्कम आधी आणि उरलेली काम हाती आल्यावर, ही सरसकट चालणारी पद्धत आहे. आणि अलीकडे एक ओळ फार गरजेची झाली आहे: मजकूर एआयच्या साधनात घालायचा की नाही. मुलाखतींतली खाजगी माहिती, पेटंटच्या वाटेवरचा शोध किंवा अप्रकाशित आकडे असतील तर ‘लेखी परवानगीशिवाय घालू नये’ असं स्पष्ट लिहा.

फाईल देण्याआधी

संपादकाचा वेळ तुम्ही विकत घेता. तो दुहेरी जागा आणि चुकलेले अनुक्रमांक काढण्यात घालवू नका. प्रकरणं, उपशीर्षकं यांना वर्डमधल्या हेडिंगच्या शैली लावा. नुसतं ठळक करून मोठ्या अक्षरांत केलेलं शीर्षक अनुक्रमणिकेत आपोआप येत नाही. झोटेरो, एंडनोट किंवा मेंडेली असं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर संदर्भ जिवंत ठेवा, साध्या मजकुरात बदलून देऊ नका; संपादकाला मात्र सांगा की त्याने मजकुरातल्या संदर्भावर थेट टंकलेखन करू नये, कमेंट लिहावी. तिथे थेट केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी सूची अद्ययावत करताना पुसली जाऊ शकते.

मराठी प्रबंध असेल तर फाईल युनिकोडमध्येच हवी. जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केल्यावर रफार, जोडाक्षरं, ‘ऱ्य’ आणि अवतरणचिन्हं बिघडतात. रूपांतर करायचं तर संपादनाच्या आधी करा, नंतर केलं तर संपादनाचे पैसे वाया. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आधाराला धरायचे का, ‘केलं-झालं’ अशी बोलीतली रूपं कुठेच नकोत की मुलाखतींतल्या अवतरणांत चालतील, आकडे देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हे ठरवून द्या.

सोबत एका पानाची शब्दयादी द्या. डावीकडे तुमची संज्ञा, उजवीकडे ‘बदलू नये’ किंवा ‘यांपैकी हीच ठेवा’. तीस-चाळीस नोंदी पुरतात. चांगला संपादक या यादीत काम करता करता भर घालतो आणि शेवटी तुम्हाला परत देतो. ती मागून घ्या.

लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांनी आधी विचारावं की संपादक मूळ स्रोत-फाईलमध्ये काम करतो की पीडीएफवर खुणा करतो. पीडीएफवर केलं तर सगळे बदल तुम्हालाच हाताने उतरवावे लागतात. स्रोतात केलं तर लाटेकडिफ या साधनाने जुनी-नवी प्रत ताडून बघता येते.

फाईल पाठवली की ती तुमच्यासाठी बंद. काही सुचलं तर वेगळ्या कागदावर लिहा: प्रकरण, परिच्छेद, बदल. एकाच वेळी दोन प्रती बदलत गेल्या की त्या एकत्र करताना जे हाल होतात, ते संपादनापेक्षा महाग पडतात.

परत आल्यावर

‘सगळे बदल स्वीकारा’ हे बटण पहिल्या दिवशी दाबू नका. आलेल्या फाईलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. दुसऱ्या प्रतीत आधी फक्त कमेंट वाचा आणि उत्तरं लिहा, कारण खरे प्रश्न तिथे असतात. त्यानंतर फॉन्ट आणि अंतराचे बदल तेवढे वेगळे काढून स्वीकारा, म्हणजे पडद्यावरची गर्दी कमी होते. मग प्रकरणवार बसा, दिवसाला एकापेक्षा जास्त नको.

कुठे थांबायचं? जिथे ‘नाही’, ‘फक्त’, ‘काही’, ‘सर्व’ अशा शब्दांत बदल झालाय, जिथे आकडा किंवा दशांश चिन्ह हललंय, जिथे दोन वाक्यांचं एक झालंय, तिथे. दोन वाक्यं जोडताना संदर्भ एका दाव्याकडून दुसऱ्याकडे सरकतो. हे पटकन दिसत नाही. बदल पटला नाही तर नाकारा, संपादक रागावत नाही. पण एकाच प्रकारचा बदल चाळीस वेळा नाकारायची वेळ आली तर त्याला कळवा, दुसऱ्या फेरीत तो ते टाळेल.

काही बदल खुणेशिवाय झाल्याची शंका आली तर वर्डच्या रिव्ह्यूमधलं ‘कम्पेअर’ वापरा. तुमची पाठवलेली प्रत आणि आलेली प्रत निवडली की प्रत्येक फरक दिसतो.

सगळं आटोपलं की कंट्रोल-ए आणि एफ-नाईन दाबून अनुक्रमणिका व क्रमांक अद्ययावत करा. तळटीपांमधले उल्लेख या निवडीत येत नाहीत, तिथे जाऊन पुन्हा तेच करावं लागतं. नंतर ‘एरर’ (Error) हा इंग्रजी शब्द शोधा. संपादनात एखाद्या तक्त्याचं शीर्षक उडालं असेल तर त्याचा उल्लेख जिथे जिथे होता तिथे हा शब्द उगवलेला असतो. शेवटी एकही कमेंट आणि एकही खूण शिल्लक नाही हे बघूनच पीडीएफ करा. समासात ‘हे वाक्य कळलं नाही’ असं लिहिलेली प्रत परीक्षकांपर्यंत पोचू शकते.

पैसे पूर्ण प्रबंधाला पुरत नसतील तर सारांश, प्रस्तावना, निष्कर्ष आणि एक मधलं प्रकरण एवढंच द्या. त्या प्रकरणात वारंवार झालेल्या दुरुस्त्यांची यादी काढा, बहुतेकदा आठ-दहा सवयीच पुन्हा पुन्हा भेटतात, आणि उरलेल्या प्रकरणांत शोध-बदल वापरून एकेक सवय तुम्हीच धुंडाळा. बदल मात्र एकेक बघून करा, सरसकट नाही. ‘सदर’ सरसकट काढायला गेलात तर ‘सदरा’चा ‘ा’ उरतो.

ऋणनिर्देशात साधं वाक्य पुरतं: ‘या प्रबंधाचे भाषिक संपादन व मुद्रितशोधन अमुक यांनी केले, आशय, विश्लेषण व निष्कर्ष यांत त्यांचा सहभाग नाही.’ नाव घालण्याआधी त्यांना विचारा. संपादनानंतर तुम्ही रात्री जागून घातलेल्या दोन पानांतल्या चुकाही त्यांच्याच नावावर जमा होतात, म्हणून काही जण नको म्हणतात. तसं झालं तर ‘व्यावसायिक संपादकाने केले’ एवढंच लिहा आणि संपादकाशी झालेला ईमेल विद्यापीठाने विचारलं तर दाखवता यावा म्हणून ठेवून द्या.